फुकटचा वकील

"फुकटचा वकील काय कामाचा?"

हे वाक्य २०१४ च्या जून महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात उच्चारलं गेलं. बोलणारे आमचे हे. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही तसंच वाटलं होतं. आपण मराठी माणसं भाजी घेताना मूठभर कोथिंबीर फुकट मागून घेऊ, पण डॉक्टर आणि वकील मात्र पैसे मोजूनच घ्यावा, तरच तो नीट लक्ष देतो, अशी आपली एक समजूत असते.

झालं होतं असं. आमच्या ओळखीच्या एक ताई, सांगलीकडच्या. ब्रिस्टलमध्ये येऊन त्यांना जेमतेम दीड वर्ष झालेलं. एका ठिकाणी पॅकिंगच्या कामाला जात होत्या. ते काम एप्रिलमध्ये सुटलं आणि मालकाने सात आठवड्यांचा पगार अडकवून ठेवला. फोन केला की "पुढच्या शुक्रवारी". असे दहा शुक्रवार गेले! शेवटी त्या आमच्याकडे येऊन रडल्या. "वहिनी, मी हिशोबाने मागतेय हो, भीक नाही मागत."

चौकशी केली तेव्हा कळलं की नोकरीच्या तक्रारींसाठी एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनल असतं, पण त्या वेळी तिथे जायलाच फी होती. थकलेल्या पगाराचा अर्ज दाखल करायला १६० पौंड आणि सुनावणीला २३० पौंड, म्हणजे एकूण ३९० पौंड. ताईंच्या यजमानांच्या पगारामुळे फी-माफी बसत नव्हती. वकिलाची फी तर वेगळीच. बुडालेले पैसे मिळवण्यासाठी आधी खिशातले पैसे बुडवायचे, असा तो मामला. मग कुणीतरी शहरातल्या एका मोफत कायदा-सल्ला केंद्राचं नाव सुचवलं आणि आमच्या ह्यांनी वरचं वाक्य उच्चारलं.

तरीही मी ताईंबरोबर गेले, दुभाषी म्हणून. समोर दोन विद्यार्थी बसले होते, वय असेल वीस-एकवीस. मला वाटलं, झालं! पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा नव्हता, तारखेचा होता. "शेवटचा पगार कोणत्या दिवशी मिळायला हवा होता?" कारण अर्जाची मुदत तेव्हा तीन महिन्यांत एक दिवस कमी इतकीच होती. आमच्या हातात दोन-तीन आठवडे उरले होते आणि आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. मग त्यांनी पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंट्स, मालकाचे मोबाईलवरचे निरोप, सगळं तारखेप्रमाणे लावून घेतलं. एक अनुभवी सॉलिसिटर बाई आतल्या खोलीतून येऊन प्रत्येक कागद तपासून गेल्या. ट्रायब्युनलच्या आधी 'एकास' या सरकारी संस्थेकडे समेटासाठी जावं लागतं. ते मोफत असतं आणि तेवढे दिवस मुदतीचं घड्याळ थांबतं, हेही तिथेच कळलं. त्या मुलांनी मालकाला दीड पानाचं पत्र लिहिलं. त्यात एकही रागाचा शब्द नव्हता, फक्त तारखा, आकडे आणि कायद्याचं कलम. चौथ्या आठवड्यात ताईंच्या खात्यात पैसे जमा झाले.

ताई डबाभर बेसनाचे लाडू घेऊन गेल्या. लाडू संपले, पैसे मात्र त्यांनी घेतले नाहीत.

त्या दिवशी वाट बघत बसलो असताना त्यातला एक मुलगा सहज म्हणाला होता, "या शहराचा न्यायाधीश एकदा फुकट काम करणाऱ्या वकिलांकडून हरला होता, माहिती आहे तुम्हाला?" मला माहीत नव्हतं. ते डोक्यात राहिलं. पुढच्या शनिवारी मी कॉलेज ग्रीनजवळच्या सेंट्रल लायब्ररीत गेले आणि मग कितीतरी शनिवार जातच राहिले. तिथे जे सापडलं ते थोडक्यात सांगते.

ब्रिस्टल शहराचा पैसा कुठून आला हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. इथल्या जहाजांनी सुमारे पाच लाख आफ्रिकी माणसांना अटलांटिकपार नेऊन विकलं. त्या व्यापारातल्या एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा ७ जून २०२० रोजी लोकांनी पाडून बंदरात ढकलला, तेही आपण पाहिलं. पण गोष्ट आहे त्याच्या अडीचशे वर्षं आधीची, लंडनमधली.

जेम्स सॉमरसेट हा व्हर्जिनियात विकला गेलेला आफ्रिकी गुलाम. त्याचा मालक चार्ल्स स्ट्युअर्ट त्याला १७६९ साली इंग्लंडमध्ये घेऊन आला. १७७१ च्या ऑक्टोबरमध्ये सॉमरसेट पळाला, नोव्हेंबरमध्ये पकडला गेला आणि बेड्या घालून 'ॲन अँड मेरी' नावाच्या जहाजावर चढवला गेला. जहाज जमैकाला निघालेलं, तिथे त्याला विकायचं ठरलं होतं. त्याच्या बाप्तिस्म्याला साक्षी राहिलेल्या तिघांनी कोर्टात धाव घेतली आणि 'हेबियस कॉर्पस' मिळवला. हेबियस कॉर्पस म्हणजे माणसाला आमच्यापुढे हजर करा, असा न्यायाधीशाचा हुकूम. जहाज सुटायच्या आत सॉमरसेट खाली उतरला.

आता खटला लढवायचा कुणी? इथे ग्रॅनव्हिल शार्प नावाचा एक कारकून येतो. हो, साधा सरकारी कारकून! १७६५ साली जोनाथन स्ट्राँग नावाच्या एका जखमी गुलाम मुलाला त्याने आणि त्याच्या डॉक्टर भावाने वाचवलं होतं. दोन वर्षांनी मालकाने त्या मुलाला पुन्हा पकडलं, तेव्हा वकिलांनी शार्पला सांगितलं की कायदा तुमच्या बाजूने नाही. शार्पला ते पटलं नाही. नोकरी सांभाळून तो स्वतः कायद्याची पुस्तकं वाचत बसला आणि १७६९ मध्ये त्याने त्यावर पुस्तकच लिहिलं. सॉमरसेटच्या मागे तोच उभा राहिला.

सॉमरसेटच्या बाजूने पाच वकील उभे राहिले: विल्यम डेव्ही, जॉन ग्लिन, जेम्स मॅन्सफील्ड, जॉन ॲलीन आणि फ्रान्सिस हार्ग्रेव्ह. पाचांपैकी कुणीही फी घेतली नाही. हार्ग्रेव्ह तर तिशीतला नवखा वकील, पण त्याचा युक्तिवाद पुढे छापला गेला आणि वर्षानुवर्षं वाचला गेला.

आणि मालकाच्या बाजूने? वेस्ट इंडीजच्या व्यापाऱ्यांच्या पैशावर उभे राहिले जॉन डनिंग. इंग्लंडमधल्या नामांकित वकिलांपैकी एक, आणि १७६६ पासून ब्रिस्टल शहराचे 'रेकॉर्डर', म्हणजे इथले न्यायाधीश! गंमत म्हणजे याच डनिंगनी आदल्या वर्षी थॉमस लुइस नावाच्या एका काळ्या माणसाची बाजू मांडली होती. तेव्हा शार्पचंच पुस्तक कोर्टात हातात धरून, या देशात कुणालाही गुलाम म्हणून डांबता येत नाही, असं त्यांनी ठणकावलं होतं. वर्षभरात बाजू बदलली. वकिलाने दोन्ही बाजूंनी लढणं हा काही गुन्हा नाही, पण शार्पच्या मनाला ते फार लागलं.

२२ जून १७७२ रोजी मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी निकाल दिला. (वकील मॅन्सफील्ड वेगळे, नावाचा योगायोग.) गुलामाला जबरदस्तीने देशाबाहेर नेण्याचा अधिकार मालकाला इंग्लंडच्या कायद्याने दिलेला नाही, सबब सॉमरसेटला सोडा! ब्रिस्टलचा रेकॉर्डर हरला, फुकटचे पाच वकील जिंकले.

या निकालाने गुलामगिरी संपली असं समजू नका. ब्रिस्टलची जहाजं त्यानंतरही ३५ वर्षं माणसं नेत राहिली. व्यापार बंद झाला १८०७ मध्ये आणि साम्राज्यातली गुलामगिरी रद्द करणाऱ्या कायद्यावर राजाची सही झाली २८ ऑगस्ट १८३३ रोजी. त्यानंतर महिन्याभरातच, २७ सप्टेंबरला, आपले राजा राममोहन रॉय इथे ब्रिस्टलमध्ये वारले. लायब्ररीतून बाहेर पडलं की समोर त्यांचा पुतळा दिसतो. मी दर वेळी मनातल्या मनात नमस्कार करते.

या काळातला एक आपला माणूसही सांगायलाच हवा. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला आले. त्या वेळच्या अर्थाने ते 'वकील', म्हणजे धन्याचा शब्द परक्या दरबारात पोचवणारा माणूस. कंपनीच्या सभांमध्ये त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांत जॉर्ज थॉम्पसन होते, गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतले गाजलेले वक्ते. १८४७ मध्ये महाराज काशीला वारले. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्यच खालसा झालं. अशील गेला, राज्य गेलं, तरी रंगो बापूजी १८५३ पर्यंत लंडनमध्ये दाद मागत राहिले. खटला हरले. परत जाऊन १८५७ च्या उठावात पडले, मुलाला साताऱ्यात फाशी झाली आणि ते स्वतः नाहीसे झाले ते कायमचे. हे काही आजच्या अर्थाने मोफत कायदेसेवेचं उदाहरण नव्हे. पण अशील उरला नसताना त्याची बाजू सोडायची नाही, याला दुसरं काय म्हणायचं?

लॅटिनमध्ये 'प्रो बोनो पब्लिको' म्हणजे लोकहितासाठी. त्याचंच छोटं रूप 'प्रो बोनो'. कल्पना जुनी आहे. सातव्या हेन्रीच्या काळात, १४९५ साली, गरिबाला कोर्टाची फी माफ करून त्याला वकील नेमून देण्याचा कायदा इंग्लंडमध्ये झाला होता. पण त्याला संस्थेचं रूप आलं ते बरंच नंतर, आणि त्यात आपल्यासारख्या स्थलांतरितांचा मोठा वाटा आहे. न्यूयॉर्कमध्ये १८७६ साली जर्मन लोकांनी आपल्या नव्याने आलेल्या देशबांधवांसाठी एक कायदा-मदत संस्था काढली. भाषा येत नाही म्हणून मालक पगार बुडवतात, घरमालक फसवतात, ही तेव्हाचीही दुखणी. पुढे त्या संस्थेने सर्वांनाच दार उघडलं आणि आज ती 'लीगल एड सोसायटी' म्हणून ओळखली जाते. १९२४ मध्ये मुंबईत 'बॉम्बे लीगल एड सोसायटी' निघाली. ब्रिटनमध्ये १९४९ च्या कायद्याने सरकारी खर्चाने वकील मिळू लागला.

मग आलं १९६३ साल. अमेरिकेत फ्लोरिडाच्या तुरुंगातून क्लॅरन्स गिडियन नावाच्या कैद्याने पेन्सिलीने अर्ज लिहून सुप्रीम कोर्टाला आधीच कळवलं होतं की मला वकील दिला नाही. कोर्टाने एब फोर्टास या नामवंत वकिलाला नेमलं आणि त्यांनी बिनपगारी काम केलं. निकाल असा लागला की गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला वकील परवडत नसेल तर सरकारने दिलाच पाहिजे. फेरसुनावणीत, ऑगस्ट १९६३ मध्ये, गिडियन निर्दोष सुटला.

त्याच ऑगस्टमध्ये आपल्या ब्रिस्टलमध्ये काय चाललं होतं? इथली बस कंपनी काळ्या आणि आशियाई लोकांना ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेत नव्हती. पॉल स्टीव्हनसन, रॉय हॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवर बहिष्कार घातला. २८ ऑगस्टला कंपनीने हार मानली आणि १७ सप्टेंबरला रघबीर सिंग हे इथल्या बसवरचे पहिले गौरेतर कंडक्टर झाले. हा प्रश्न कोर्टात का गेला नाही, हे मला पूर्वी कळत नव्हतं. उत्तर सोपं आहे. तेव्हा असा भेदभाव करणं बेकायदेशीर नव्हतंच! फुकट वकील मिळाला असता तरी तो दावा कशाच्या जोरावर लावणार? नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध कायदा व्हायला १९६८ साल उजाडलं.

म्हणजे कायदा नसेल तर वकील निरुपयोगी. आणि वकील नसेल तर कायदा कागदावर. १९७० मध्ये लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टनमध्ये ब्रिटनमधलं पहिलं 'लॉ सेंटर' निघालं ते याच जाणिवेतून. कायद्याचं दुकान गरिबांच्या गल्लीत नेऊन ठेवायचं.

भारतातही तेच दशक. १९७८ मध्ये 'हॉस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सुप्रीम कोर्टाने अर्जदाराचा अर्ज फेटाळला, पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालात सांगितलं की तुरुंगातल्या माणसाला निकालाची प्रत आणि अपिलासाठी मोफत वकील मिळणं हा त्याचा हक्क आहे. पुढच्याच वर्षी नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले पोलीस अधिकारी के. एफ. रुस्तमजी यांनी बिहारमधल्या कच्च्या कैद्यांवर वर्तमानपत्रात लिहिलं. दोषी ठरल्यावर जेवढी शिक्षा झाली असती त्याहून जास्त वर्षं ही माणसं खटल्याविनाच आत होती. ते वाचून ॲडव्होकेट पुष्पा कपिला हिंगोराणी यांनी आपण होऊन याचिका केली. त्यातून पुढे सुमारे ४०,००० कैदी सुटले. आणि १९८३ मध्ये मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांच्या नुसत्या एका पत्रावरून सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्या कोठड्यांमधल्या बायकांसाठी संरक्षणाचे आणि मोफत वकिलाचे आदेश दिले. आज भारतात ९ नोव्हेंबर हा कायदेसेवा दिन पाळतात, कारण १९९५ मध्ये त्या दिवशी कायदेसेवा प्राधिकरणांचा कायदा अमलात आला. दिवाळीच्या आसपासच येतो.

आता मूळ प्रश्नाकडे येते. फुकटच्या वकिलाची किंमत किती? याचं उत्तर इंग्लंडच्या कायद्यानेच दिलं आहे. इथे बॅरिस्टरांची मोफत सेवा १९९६ मध्ये आणि सॉलिसिटरांची १९९७ मध्ये संघटित झाली. (आज त्यांची नावं 'ॲडव्होकेट' आणि 'लॉवर्क्स'.) पूर्वी अडचण अशी होती की फुकट वकील घेऊन तुम्ही जिंकलात, तर हरलेल्या बाजूला तुमच्या वकिलाचा खर्च द्यावा लागत नसे, कारण खर्च झालाच नव्हता! म्हणजे गरिबाशी भांडणं स्वस्त. २००७ च्या कायद्याने हे बदललं. फुकट काम केलेल्या वकिलाची फी एरवी जेवढी झाली असती, तेवढी रक्कम हरलेल्याकडून घेऊन ती न्यायासाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थेला देण्याचा हुकूम कोर्ट करू शकतं. त्या कामाला बाजारातली पूर्ण किंमत आहे, फक्त ती गरिबाकडून घ्यायची नाही. मी हे ह्यांना वाचून दाखवलं. ते "हं" म्हणाले. आमच्याकडे ह्याचा अर्थ "तुझं बरोबर आहे" असा होतो.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. १ एप्रिल २०१३ पासून इथल्या सरकारने नोकरी, कर्ज, सरकारी भत्ते आणि व्हिसाच्या बहुतेक प्रकरणांतली सरकारी कायदा-मदत बंद केली. त्याच वर्षी जुलैमध्ये ट्रायब्युनलची ती फी आली आणि अर्ज जवळपास दोन-तृतीयांशाने घटले. लोकांच्या तक्रारी का अचानक मिटल्या होत्या? २६ जुलै २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाने ती फीच बेकायदेशीर ठरवली. कोर्टाचं दार बंद असेल तर संसदेचे कायदे निरर्थक होतात, असा त्या निकालाचा आशय आहे. तेव्हा पाच उदार वकील मिळाले म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. मोफत काम करणारे वकील स्वतःच सांगतात की आम्ही सरकारी मदतीला जोड आहोत, बदली नाही. सॉमरसेटला शार्प भेटला. त्या वेळी इंग्लंडमध्ये अशी चौदा-पंधरा हजार माणसं असावीत, असं कोर्टातच बोललं गेलं होतं. त्या बाकीच्यांना कोण भेटलं?

म्हणून आपल्यासाठी दोन-तीन गोष्टी. एक, अडचण आली की लाज धरून घरात बसू नका. मुदत आपली वाट पाहत नाही. ब्रिस्टलमध्ये लॉ सेंटर आहे, सिटिझन्स ॲडव्हाइस आहे, विद्यापीठाचं लॉ क्लिनिक आहे. दुसरं, व्हिसाच्या बाबतीत पार्टीत भेटलेल्या हुशार काकांचा सल्ला घेऊ नका आणि काकांनीही देऊ नये. या देशात नोंदणीशिवाय इमिग्रेशन-सल्ल्याचं काम चालवणं, ते फुकट केलं तरीसुद्धा, गुन्हा आहे. तिसरं, ज्यांना कायदा येत नाही त्यांना मराठी तर येतं! त्या दिवशी मी काही विशेष केलं नाही, ताईंचं बोलणं इंग्रजीत सांगितलं, एवढंच. पण ते नसतं तर ती तारीख त्या मुलांना कळलीच नसती.

आपल्या मंडळात तीन-चार सॉलिसिटर आहेत. येत्या गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल मांडावं, तिथे त्यांनी तासभर बसावं आणि कुणाकडे जायचं तेवढं सांगावं, असं मी समितीला सुचवलं आहे. दुभाषी म्हणून माझं नाव पहिलं लिहा. लाडू सांगलीच्या ताई आणणार आहेत. टेबल उचलायला आमचे हे येणार आहेत, फुकट!